जुनी अमेरिकन मसल कार घेताना, पारखताना आणि सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत येऊन स्थिरावलेल्या, घराचे हप्ते आणि मुलांच्या फिया आवाक्यात आलेल्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न नेहमी येतात. डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांच्या धंद्यातच नोकरी करणारे बरेच जण आहेत, त्यांच्याकडून तर हमखास. उत्तरं मुख्यतः १९६४ ते १९७२ या काळातल्या गाड्यांपुरती आहेत. मतं माझी आहेत आणि काही जणांना ती पटणार नाहीत.

मसल कार नेमकी कशाला म्हणायचं?

मध्यम आकाराची, बेताच्या किमतीची, दोन दारांची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं दणकट व्ही-८ इंजिन बसवायचं, हा मूळ प्रकार. आधीही काही जणांनी तो करून पाहिला होता, पण बाजार पेटवला तो जनरल मोटर्सच्या पॉन्टिॲकने १९६४ साली. जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता की या आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टिॲकचे जॉन डेलोरिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. त्यांनी नवं मॉडेल काढलंच नाही. टेम्पेस्ट लेमान्स या साध्या गाडीवर 'जीटीओ' नावाचं ऑप्शन पॅकेज दिलं आणि त्यात ३८९ क्युबिक इंचांचं, म्हणजे साधारण ६.४ लिटरचं इंजिन टाकलं. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या, मग नियमाची आठवण कोण काढणार?

यातली एक गोष्ट पुढे सारखी लागेल. जीटीओ जन्माला आली ती 'ऑप्शन' म्हणून. साध्या गाडीच्या ऑर्डरवर एक खूण जास्त, एवढाच कारखान्याच्या लेखी फरक. आज त्या एका खुणेची किंमत लाखांत आहे आणि खऱ्या-खोट्याचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

मस्टँग आणि कॅमारो यात येतात का?

शास्त्र बघायला गेलं तर त्या 'पोनी कार', म्हणजे मस्टँगच्या धर्तीच्या लहान, चपळ गाड्या, आणि कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार. बाजारात ही रेघ कोणी पाळत नाही. मीही पाळलेली नाही.

१९७०नंतर हे सगळं एकाएकी का संपलं?

कारणं एकदम येऊन आदळली. विमा कंपन्यांनी तरुण मालकांचे हप्ते गाडीच्या हप्त्यांच्या बरोबरीला नेले. १९७०चा क्लीन एअर ॲक्ट हा हवेच्या प्रदूषणाचा कायदा आला. कमी शिशाचं पेट्रोल चालावं म्हणून जनरल मोटर्सने १९७१च्या मॉडेलपासून इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं. १९७३च्या तेलबंदीने उरलीसुरली हौस फिटली.

कागदावरचे आकडे मात्र जपून वाचा. १९७१पर्यंत अश्वशक्ती 'ग्रॉस' पद्धतीने सांगायचे, म्हणजे उघडं इंजिन टेबलावर ठेवून मोजलेली. १९७२पासून 'नेट', म्हणजे सायलेन्सर, अल्टरनेटर वगैरे सगळं लावून. शेवरोलेच्या शेवेलमधलं ४५४ क्युबिक इंचांचं एलएस५ इंजिन १९७१मध्ये ३६५चं होतं आणि १९७२मध्ये २७०चं झालं. इंजिन तेवढं दुबळं झालेलं नव्हतं, बराचसा फरक मोजपट्टीचा आहे. म्हणून १९७२ची गाडी स्वस्तात मिळत असेल तर नाक मुरडू नका.

'नंबर्स मॅचिंग' म्हणजे काय?

जाहिरातीत सगळ्यात जास्त आणि सगळ्यात सैल वापरले जाणारे हे दोन शब्द. खरा अर्थ असा की गाडीत आज असलेलं इंजिन, आणि शक्यतो गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सलही, कारखान्यातून त्याच गाडीत बसून आले होते. पुरावा म्हणून, निदान १९६८पासूनच्या गाड्यांत, इंजिनच्या ब्लॉकवर गाडीच्या व्हिनचा (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) शेवटचा भाग ठोकलेला असतो. तो डॅशबोर्डवरच्या व्हिनशी जुळला पाहिजे.

विकणारे बऱ्याचदा वेगळंच काहीतरी सांगतात: ब्लॉकचा कास्टिंग नंबर 'बरोबर' आहे. कास्टिंग नंबर म्हणजे ओतकामाच्या साच्याचा नंबर. ३९७००१० हा शेवरोलेचा कास्टिंग नंबर अक्षरशः लाखो ब्लॉकांवर आहे आणि त्यातले कितीतरी साध्या ३५० इंजिनांचे आहेत. त्यावरून हा ब्लॉक त्या जातीचा आहे एवढंच कळतं. याच गाडीचा आहे का, ते कळत नाही. तिसरा प्रकार 'डेट करेक्ट': इंजिन मूळ नाही, पण तारखा गाडीच्या काळाशी जुळतात. तो वाईट नाही, फक्त त्याचा भाव वेगळा.

व्हिन वाचून गाडी खरी की खोटी ते कळतं का?

कंपनीवर अवलंबून आहे. नवखा माणूस इथेच फसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. १९८१पर्यंत सतरा आकडी व्हिन नव्हता. प्रत्येक कंपनीची पद्धत आपापली होती.

क्रायस्लरवाले, म्हणजे डॉज आणि प्लिमथ, सगळ्यात बोलके. १९७०च्या एखाद्या प्लिमथ बाराकुडाचा व्हिन 'बीएस२३आर०बी' असा सुरू होत असेल तर बी म्हणजे बाराकुडा, एस म्हणजे वरची 'कुडा' श्रेणी, २३ म्हणजे दोन दारी हार्डटॉप, आर म्हणजे ४२६ हेमी इंजिन, शून्य म्हणजे १९७० आणि शेवटचा बी म्हणजे मिशिगनमधला हॅमट्रॅमकचा कारखाना. इंजिन व्हिनमध्येच आलं! साध्या बाराकुडात हेमी बसवून कोणी विकत असेल तर पाचवं अक्षर त्याला उघडं पाडतं. वर्ष बदललं की अक्षरं बदलतात हे मात्र विसरू नका: १९६९मध्ये हेमीचं अक्षर 'जे' होतं, आणि १९७०मध्ये तेच 'जे' तीन कार्ब्युरेटरवाल्या ३४०चं झालं.

फोर्डही इंजिन सांगतो. मस्टँगमध्ये पाचवं अक्षर 'के' असेल तर २८९ हाय-परफॉर्मन्स, १९६९-७०मध्ये 'जी' म्हणजे बॉस ३०२, 'झेड' म्हणजे बॉस ४२९. पण 'जीटी' पॅकेज होतं का, ते व्हिन सांगत नाही. १९६५-६६च्या मस्टँगला धुक्याचे दिवे, पट्टे आणि बिल्ले लावून जीटी करणं हा जुना उद्योग आहे. तिथे एक सोपी चाळणी आहे: जीटी पॅकेज एप्रिल १९६५मध्ये आलं आणि ते फक्त 'ए' किंवा 'के' इंजिनवरच मिळायचं. पाचवं अक्षर 'सी' असेल तर ती कारखान्याची जीटी नव्हे. पुढे ऐकायची गरज नाही.

खरी डोकेदुखी शेवरोलेची. १९६६ ते १९६८ या वर्षांत शेवेल एसएस३९६ हे स्वतंत्र मॉडेल होतं आणि व्हिन १३८ने सुरू व्हायचा. १९६९ला एसएस ऑप्शन झालं आणि व्हिनमधून गायब झालं. मग १९७०ची ती ४५० अश्वशक्तीची एलएस६ शेवेल आणि एखाद्या आजीबाईंची बाजारहाटाची व्ही-८ मालिबू (शेवेलचीच एक श्रेणी), दोघींच्या व्हिनची सुरुवात सारखीच. १९७२मध्ये मात्र पाचव्या जागी इंजिनाचं अक्षर आलं आणि तिथे 'डब्ल्यू' असेल तर ४५४.

पॉन्टिॲकचं उलटं. १९६४-६५ची जीटीओ व्हिनमध्ये दिसत नाही. १९६६ला ती स्वतंत्र मॉडेल झाली आणि व्हिन २४२ने सुरू होऊ लागला.

१९६९ची कॅमारो झेड/२८ बघायला जातोय. काय बघू, कोणत्या क्रमाने?

सगळ्यात जास्त नकला हिच्याच असतील. १९६९मध्ये २०,३०२ झेड/२८ झाल्या आणि आज त्याहून जास्त रस्त्यावर आहेत, असा विनोद या वर्तुळात चालतो.

आधी ती गाडी का झाली ते समजून घ्या, म्हणजे काय असायला हवं ते आपोआप कळेल. ट्रान्स-ॲम शर्यतींत इंजिनला पाच लिटरची मर्यादा होती. शेवरोलेने ३२७च्या बोअरला (सिलिंडरचा व्यास) २८३चा स्ट्रोक (पिस्टनची धाव) जोडून ३०२ क्युबिक इंचांचं इंजिन केलं. पहिल्या वर्षी, १९६७ला, फक्त ६०२ गाड्या बनल्या. शर्यतीसाठीची गाडी म्हणून तिला चार गिअरांची मॅन्युअल गिअरबॉक्स आणि पुढे डिस्क ब्रेक सक्तीचे. ऑटोमॅटिक नाही, एसी नाही. त्यामुळे 'कारखान्याचा एसी असलेली झेड/२८' कोणी दाखवली तर चहा प्या आणि निघा.

आता क्रम. व्हिन १२४३७९ने सुरू झाला पाहिजे: एक म्हणजे शेवरोले, २४ म्हणजे व्ही-८ कॅमारो, ३७ म्हणजे कूपे, ९ म्हणजे १९६९. पुढचं अक्षर 'एन' असेल तर ओहायोमधलं नॉरवुड आणि 'एल' असेल तर लॉस एंजेलिसमधलं व्हॅन नाइस. १२३ असेल तर ती जन्माने सहा सिलिंडरची, विषय संपला.

मग बॉनेट उघडून फायरवॉलवरची (इंजिन आणि केबिन यांच्या मधला पत्रा) ट्रिम टॅग, म्हणजे कारखान्याची कोडांची पट्टी, बघा. तिच्यावर '०१सी' असं काही असेल तर जानेवारीचा तिसरा आठवडा. नॉरवुडच्या गाड्यांवर डिसेंबर १९६८च्या सुमारापासून 'एक्स' कोडही येतो आणि त्यात एक्स३३ आणि एक्स७७ हे झेड/२८चे. व्हॅन नाइसच्या टॅगवर हा कोड नसतोच, त्यामुळे तो दिसला नाही म्हणून घाबरू नका आणि टॅग नवीकोरी दिसली तर खूश होऊ नका. अशा टॅगा बनवून मिळतात.

मग इंजिन. उजव्या बाजूच्या हेडच्या पुढे ब्लॉकवर एक छोटी सपाट जागा असते. तिथे दोन ओळी हव्यात: एक जुळणीची, समजा 'व्ही०११५डीझेड' (फ्लिंटचा इंजिन कारखाना, १५ जानेवारी, आणि १९६९च्या ३०२चा कोड डीझेड), आणि दुसरी गाडीच्या व्हिनचा शेवटचा भाग. ब्लॉकच्या मागच्या बाजूला ओतकामाची तारीख असते, तिथे पोचायला आरसा आणि विजेरी लागते.

आता हे सगळं एकमेकांसमोर ठेवा. ब्लॉक आधी ओतला गेला पाहिजे, मग इंजिन जुळलं पाहिजे, मग गाडी बनली पाहिजे. मध्ये काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंतचं अंतर असावं. इंजिनची तारीख गाडीच्या नंतरची असेल तर कोणतीही गोष्ट ऐकून घेऊ नका, आणि अशा वेळी गोष्टी फार सुंदर असतात. हेच तर्कट ॲक्सल, कार्ब्युरेटर, अल्टरनेटर, अगदी काचांच्या कोपऱ्यातल्या खुणांनाही लावता येतं. डझनभर सुट्या भागांच्या तारखा आपापसांत जुळवणं नकली गाडी करणाऱ्याला खर्चाचं आणि कंटाळ्याचं पडतं. बहुतेक जण इंजिन आणि बिल्ल्यांवर थांबतात.

शेवटी लपलेला नंबर. १९६८-६९च्या कॅमारोत व्हिनचा भाग हीटरच्या डब्यामागे फायरवॉलवरही ठोकलेला आहे. विकणारा तो डबा काढू देत नसेल तर भावात ते दिसलं पाहिजे.

इंजिनवरचे आकडे खोटे ठोकता येतात का?

येतात, आणि पंचांचे संच मिळतात. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोचिंग मशीनने तासायचे, त्यामुळे त्या सपाट जागेवर एकाच दिशेच्या बारीक समांतर रेघा उमटायच्या. जुना नंबर घासून नवा ठोकला की रेघा जातात. वाकडी, घासकागदाची किंवा अगदी गुळगुळीत जागा दिसली की संशय घ्यायचा. पण रेघा नाहीत म्हणजे लबाडी, असंही नाही: इंजिन उघडून माथा पुन्हा मशीन केला की प्रामाणिक गाडीच्याही रेघा जातात. उलट, रेघा परत 'काढून देणारे' कारागीरही आहेत. म्हणून एकट्या त्या सपाट जागेवर विश्वास नको, आणि एकट्या कागदावरही नको. वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या दिवशी झालेल्या तीन गोष्टी एकच सांगत असतील तर मी पैसे मोजतो.

कागदपत्रं कुठून मिळतात?

पॉन्टिॲकवाले भाग्यवान. पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे १९६१पासूनच्या मूळ बिलांच्या नोंदी आहेत. व्हिन द्या, पैसे भरा, ती जीटीओ म्हणून विकली गेली होती का ते कळतं. फोर्डसाठी १९६७पासूनचा विदा केव्हिन मार्टी यांच्या संस्थेकडे आहे. त्यांच्या 'मार्टी रिपोर्ट'मध्ये रंग, ॲक्सल, ऑप्शन सगळं येतं. गाडी बघायला जाण्याआधीच तो मागवावा. या दोन ब्रँडांत कागद न मागता गाडी घेणाऱ्याची मला दया येत नाही.

शेवरोलेने अमेरिकेत विकलेल्या गाड्यांची अशी ऑप्शनवार नोंद मिळत नाही. गंमत म्हणजे कॅनडात विकलेल्या गाड्यांची जीएम कॅनडाकडे मिळते, त्यामुळे कॅनडातून आलेली शेवेल जास्त निर्धास्तपणे घेता येते. बाकीच्यांसाठी बिल्ड शीट, विंडो स्टिकर आणि मूळ मालकाला मिळालेली 'प्रोटेक्ट-ओ-प्लेट' ही धातूची वॉरंटी पट्टी. बिल्ड शीट म्हणजे जुळणीच्या रांगेवर कामगारांना दिलेला कागद. तो पेट्रोलच्या टाकीवर, सीटच्या स्प्रिंगांत, गालिच्याखाली अडकलेला सापडतो. मात्र कामगार हाताला येईल तो कागद कुठेही कोंबायचे, त्यामुळे तुमच्या गाडीत शेजारच्या गाडीचा कागद निघू शकतो. व्हिन ताडून बघा. नवीन छापून चहाच्या पाण्यात पिवळे केलेले कागदही फिरतात.

व्हिनची पट्टी काढून परत बसवलेली दिसतेय. काय करू?

घेऊ नका. व्हिनशी छेडछाड हा केंद्रीय गुन्हा आहे. दुरुस्तीसाठी सद्भावनेने काढली असं सिद्ध करणं मालकाच्या गळ्यात येऊ शकतं. कॅन्ससमध्ये एका माणसाची १९५९ची कॉर्व्हेट याच कारणावरून जप्त झाली. पट्टी आधीच्या दुरुस्तीत काढून बसवलेली होती, त्याचा स्वतःचा काही दोष नव्हता, तरी खटला वर्षानुवर्षं चालला आणि अखेर २०२२मध्ये त्या राज्याला कायदा बदलावा लागला. जनरल मोटर्सच्या १९६५नंतरच्या गाड्यांवर पट्टी फुलाच्या आकाराच्या डोक्याच्या रिवेटांनी बसवलेली असते. साधे गोल रिवेट किंवा पट्टीभोवती रंगाचा ओरखडा दिसला तरी थांबा.

क्रायस्लरच्या गाड्यांत ही भीती जास्त, कारण तिथे किंमत व्हिनमध्येच आहे. भंगारातल्या हेमीची पट्टी आणि फेंडर टॅग (बॉनेटखालची कोडांची पट्टी) साध्या सांगाड्यावर चढवली जाते. रेडिएटरच्या चौकटीवर आणि काउलवर (पुढच्या काचेखालचा पत्रा) ठोकलेले नंबर जुळतात का ते बघावं.

मग क्लोन, म्हणजे साध्या गाडीची केलेली नक्कल, घ्यायची नाही?

का नाही? क्लोन म्हणून विकत असतील, क्लोनच्या भावात, तर ती माझी पहिली शिफारस आहे. साध्या मालिबूत ४५४ घालून केलेली गाडी तेवढ्याच जोरात पळते, पावसात भिजली तर जीव खालीवर होत नाही आणि इंजिनात हवे ते बदल करता येतात. खरी गाडी घेतली की माणूस तिचा राखणदार होतो. १९७१ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल घ्या: जेमतेम अकरा बनल्या आणि त्यातली एक २०१४मध्ये सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. ती घेऊन दूध आणायला कोण जाईल?

आज बाजारात नव्या पत्र्याचे १९६९च्या कॅमारोचे आणि १९६७च्या मस्टँगचे अख्खे सांगाडे मिळतात. त्यावर प्रामाणिकपणे बांधलेली गाडी मला आवडते. फसवणूक कागदावर होते, पत्र्यावर नाही.

गंज कुठे बघायचा?

खरं तर इंजिनच्या आधी गंज बघावा. इंजिन बांधता येतं, पत्र्याचं काम खिसा रिकामा करतं. मिशिगन, ओहायो, न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ पन्नास वर्षं काम करत राहतं. डिक्कीचा तळ, मागच्या चाकांच्या कमानी, मागच्या काचेखालची खाच, दारांचे खालचे कोपरे. व्हाइनिल टप असेल तर त्याखाली पाणी मुरतं आणि वरून दिसत नाही. बोटाने दाबून फुगे जाणवतात का बघा. रंगाखाली पुट्टी किती आहे ते साध्या चुंबकाने कळतं. गाडी जॅकवर चढवू न देणाऱ्याकडून गाडी घेऊ नये.

जुन्या मस्टँगची एक खास परीक्षा आहे. पुढच्या काचेखालच्या जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि आत पाय ठेवायच्या जागी हात फिरवा. ओला झाला तर काउल सडलं आहे, आणि ते काम काच-डॅशबोर्ड काढल्याशिवाय होत नाही.

ॲरिझोना-नेवाडाकडच्या गाड्यांचा पत्रा कोरडा असतो, पण उन्हाने डॅशबोर्ड, सीट आणि रबरं करपलेली. हा सौदा मी केव्हाही पत्करेन.

आजचं पेट्रोल चालतं का?

चालतं, थोडी काळजी घेऊन. जुन्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीचं रक्षण करायचं. हौसेने रविवारी फिरवायच्या गाडीत शिशाअभावी लगेच काही बिघडत नाही. हेड उघडायची वेळ आली की कडक पोलादाच्या सीट बसवून घ्या. इथेनॉलचा त्रास जास्त. तो जुने रबरी होस खातो आणि ओलावा ओढून टाकी आतून गंजवतो. होस इथेनॉल सोसणारे घाला आणि पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत ठेवू नका. दहा-अकराचं कॉम्प्रेशन असलेल्या इंजिनला प्रीमियमच द्या. चढावर पिंगिंग, म्हणजे इंजिनातली ठकठक, ऐकू आलं तर टायमिंग थोडं मागे घ्या. तो आवाज दुर्लक्षून पिस्टन फोडून घेतलेले लोक आहेत.

ऑइल कोणतं?

फ्लॅट टॅपेट कॅमसाठी जस्त-फॉस्फरसचं झेडडीडीपी पुरेसं असलेलं. या इंजिनांत कॅम टॅपेटवर घासत फिरतो आणि तो थर नसेल तर लोब झिजून सपाट होतो. आजच्या गाड्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी पातळ ग्रेडच्या ऑइलांत फॉस्फरस ८०० पीपीएमवर रोखलेला असतो. आपल्याला १,००० ते १,२००च्या पुढे हवा, आणि जुन्या गाड्यांसाठी म्हणून वेगळी ऑइलं मिळतात. नवीन कॅम घातला असेल तर इंजिन सुरू झाल्याक्षणी २,०००च्या वर आरपीएमवर किमान वीस मिनिटं चालवायचं, आयडलवर सोडायचं नाही.

पहिला खर्च कशावर करू?

ब्रेकवर. १९६६पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडर एकेरी आहे: एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. १९६७पासून तो दुहेरी झाला. जुनी गाडी चालवायची असेल तर दुहेरी बसवून घ्या, मूळ भाग डब्यात जपून ठेवा. चारही चाकांना ड्रम असतील तर घाटात दोन-तीन वेळा जोरात ब्रेक मारल्यावर पाय खाली जातो, हे आधी ठाऊक असू द्या. मग टायर: खोबण्या छान दिसतात म्हणून फसू नका, कडेवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात.

डिस्क ब्रेक, इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातल्याने किंमत पडते का?

परत मूळ स्थितीत आणता येत असेल तर नाही. भोकं पाडली, पत्रा कापला, तर पडते.

सगळं स्वतः करता येईल का?

बरंचसं. ज्यांनी पद्मिनी किंवा ॲम्बेसिडर स्वतः सांभाळली आहे त्यांना इथे काहीच अनोळखी नाही: पॉइंट, कंडेन्सर, कार्ब्युरेटरची जेट, चोक. जीएमच्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला तर छोटी खिडकी असते, इंजिन चालू ठेवून ॲलन कीने ड्वेल (पॉइंट बंद राहण्याचा कोन) लावता येतो. व्ही-८ला तीस अंशांच्या आसपास. असं सोयीचं डिझाइन करणाऱ्याला सलाम. क्रायस्लरची गाडी असेल तर ग्लव्ह बॉक्समध्ये जादा बॅलास्ट रेझिस्टर ठेवा. चावी फिरवल्यावर इंजिन पेटतं आणि चावी सोडताच बंद पडतं, असं झालं की तोच गेला आहे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि इंजिनचं मशीनिंग जाणकाराकडे द्या. वायरिंगमध्ये आधीच्या मालकाने काय केलंय हे बघून मन घट्ट करा.

मायलेज?

लिटरला चार-पाच किलोमीटर. पुढचा प्रश्न.

हिवाळ्यात काय?

मीठ पडलं की गाडी गॅरेजात. टाकी भरलेली आणि त्यात स्टॅबिलायझर, ऑइल बदललेलं, बॅटरी मेंटेनरवर. आणि उंदीर. सायलेन्सरचं तोंड आणि एअर क्लीनरची नळी बंद करा, वसंतात काढायला विसरू नका.

विमा आणि नंबर प्लेट?

साधा विमा घसारा धरून भरपाई देतो, तो इथे कुचकामी. 'ॲग्रीड व्हॅल्यू' पॉलिसी घ्या, ज्यात रक्कम आधीच ठरते. ट्रॅव्हर्स सिटीची हॅगर्टी यातली सगळ्यात परिचित. बंद गॅरेज आणि मर्यादित वापर अशा अटी असतात, हप्ता मात्र कमी. मिशिगनची 'हिस्टॉरिक' प्लेट घेतली तर गाडी मेळावे-मिरवणुकांपुरती, पण ऑगस्ट महिनाभर रोज चालवायलाही परवानगी. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी १९९५पासून भरणारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ बघायची असेल तर खुर्ची आणि पाणी घेऊन सकाळीच फेर्नडेल गाठा. घेण्याआधी शंभर गाड्या फुकट बघता येतात आणि मालक बोलायला आसुसलेले असतात.

गाडी पुढे भारतात नेता येईल का?

नोंदणीचे नियम २०२१पासून स्पष्ट आहेत. पन्नास वर्षांहून जुनी आणि चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नसलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, मग नूतनीकरणाचे ५,०००. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर. आयातीची परवानगी आणि सीमाशुल्क हा वेगळा आणि महागडा विषय आहे, तो जहाजावर चढवण्याआधी कस्टम्स एजंटकडून लेखी घ्या. नवं इंजिन आणि कापलेली चॅसी असलेली रेस्टोमॉड नेण्याचा विचार असेल तर या नियमांत ती बसणं कठीण. तिचे मूळ भाग तुम्ही डब्यात जपून ठेवले असतील, तर ते निघण्याआधीच परत बसवा.